पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर

गेले तीन-चार वीकेंड या विषयावर लिहायचं म्हणतोय आणि दर वेळी भलतंच काहीतरी लिहून मोकळा होतोय. विषय तसा रुक्ष आहे. अपघात, विमा, कलमं वगैरे. शिवाय मी वकील नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस. पण गेल्या वर्षापासून शिवाजीनगर कोर्टाच्या इतक्या चकरा झाल्यात की तिथला चहावाला आता न विचारता साखर कमी टाकतो. तेव्हा आज लिहूनच टाकतो. लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

तर झालं असं. २०२५ च्या जुलैमध्ये माझ्या मामेभावाला सिंहगड रोडवर एका टेम्पोने उडवलं. रात्री साडेआठची वेळ, भुरभुर पाऊस, भाऊ ऑफिसमधून बाइकवर घरी निघालेला. उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. वय अठ्ठावीस, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून बाकी वाचला (पुण्यातली हेल्मेटविरोधी मंडळी हे वाचत असतील तर त्यांना नमस्कार). कंपनीचा मेडिक्लेम होता, पण रूम रिकामी नसल्यामुळे पहिले पाच दिवस त्याला जनरल वॉर्डातच काढावे लागले. मामा-मामी सोलापूरहून येईपर्यंत आणि आल्यावरही रात्रीची ड्यूटी माझीच.

शेजारच्या कॉटवर एक मुलगा होता. बावीस वर्षांचा, बीड जिल्ह्यातला, घरोघर जेवणाची पार्सलं पोचवणारा. त्याचीही नडगीच, फक्त डावी, आणि सोबत घोट्याच्या सांध्याचा चुरा. एका सोसायटीच्या गेटमधून गाडी बाहेर आली आणि सरळ त्याच्या अंगावर. गाडीवाला पळून गेला नाही. त्यानेच हॉस्पिटलात आणलं, डिपॉझिट भरलं, रोज संध्याकाळी शहाळं घेऊन यायचा. बोलता बोलता कळलं की तोही आपल्यातलाच, हिंजवडीत नोकरी, जावा वगैरे. माणूस खरंच सज्जन होता, हे मुद्दाम लिहितोय.

चौथ्या दिवशी तो सज्जन माणूस शहाळ्यासोबत एक कागद घेऊन आला. पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर. (शंभराचे २०२४ च्या ऑक्टोबरपासून बंद झाले, तेवढीच महागाई.) मजकूर टाइप केलेला: अपघात माझ्याच चुकीमुळे झाला, हॉस्पिटलचा खर्च आणि रोख पंचवीस हजार मिळाले, माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. मुलाने सही केली, वडिलांनी साक्षीदार म्हणून अंगठ्याच्या जागी मोठ्या कष्टाने नाव लिहिलं. मी तिथेच स्टुलावर बसून मोबाइलवर मेल बघत होतो. मला तेव्हा काहीच कळत नव्हतं, म्हणून मी काहीच बोललो नाही. उलट 'चला, यांचं मिटलं, आमचा टेम्पोवाला मात्र फोन उचलत नाही' असं मनात आलं होतं. आता आठवलं की लाज वाटते.

पुण्यात अपघात म्हटलं की आपण कशाबद्दल बोलतो? मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शने दोन तरुण इंजिनियरांना चिरडलं, तेव्हा आमच्या ऑफिसात महिनाभर दुसरा विषय नव्हता. तीनशे शब्दांचा निबंध, रक्ताचे नमुने, जामीन. संताप योग्यच होता. पण तो सगळा संताप एकाच प्रश्नावर होता: याला शिक्षा होणार की नाही? जो मरत नाही, नुसता मोडतो, त्याचं पुढे काय होतं हा प्रश्न कुणी विचारत नाही. २०२३ साली देशात रस्त्यांवर १ लाख ७२ हजार ८९० माणसं गेली हा आकडा निदान मथळ्यात येतो. त्याच वर्षी जखमी झाले ४ लाख ६२ हजार ८२५. ही नोंदलेली संख्या. शहाळं आणि स्टॅम्प पेपरवर मिटलेले यात नसतीलच.

शिक्षा आणि भरपाई हे दोन पूर्ण वेगळे रस्ते आहेत, हे मला पस्तिशी गाठेपर्यंत माहीत नव्हतं. फौजदारी खटला सरकार चालवतं. भरपाईचा दावा जखमी माणूस लावतो, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, आणि पैसे सहसा समोरच्याच्या खिशातून जात नाहीत, त्याच्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून जातात. हा विमा सक्तीचा आहे तो याचसाठी. ट्रॅफिक हवालदाराला दाखवायला नाही! दावा कुठे लावायचा याची निवडही जखमीची: अपघात झाला तिथे, किंवा तो राहतो तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे. म्हणजे पुण्यात मोडलेल्या पायाचा दावा बीडलाही लावता येतो. पुरावाही फौजदारी खटल्याइतका कडक लागत नाही. 'संशयातीत' वगैरे नाही, 'असं झालं असण्याची शक्यता जास्त' एवढं पुरतं. ड्रायव्हर फौजदारीत सुटला म्हणून दावा आपोआप बुडत नाही.

आता थोडं गणित. (इथे अर्धे वाचक टॅब बंद करणार, पण थांबा, सोपं आहे.) सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या एका निकालात वयानुसार गुणकांचा तक्ता ठरवून दिला. २१ ते २५ वयाला १८, २६ ते ३० ला १७, असा उतरत जातो. २०१७ मध्ये घटनापीठाने त्यात पुढच्या वाढीची भर नक्की केली: चाळिशीच्या आतल्या पक्क्या नोकरदाराला ५० टक्के, स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगारवाल्याला ४०. मग वार्षिक उत्पन्न गुणिले वाढ गुणिले गुणक गुणिले कमाईची क्षमता किती टक्के गेली. शिवाय औषधपाणी, सोबतीच्या माणसाचा खर्च, वेदना, आयुष्यातलं जे काही गमावलं ते वेगळं. आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज.

यातला 'कमाईची क्षमता' हा शब्द महत्त्वाचा. डॉक्टर सर्टिफिकेट देतो ते अवयवाचं. कोर्ट बघतं ते माणसाच्या कामाचं. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे फार स्वच्छ समजावलंय: डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळपास शंभर टक्के बुडते, पण सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. हात तोच, नुकसान वेगळं.

माझ्या भावाचं धरू. कर वजा जाता वर्षाला नऊ लाख, वाढ ४० टक्केच धरली (५० की ४० यावर वकील भांडतीलच), गुणक १७. तो वर्षभरात लंगडत का होईना खुर्चीत बसून टेस्टिंग करणार, म्हणून क्षमतेचं नुकसान १० टक्के समजा. उत्तर येतं २१ लाख ४२ हजार. आता शेजारच्या कॉटवरचा मुलगा. महिन्याला अठरा हजार, वाढ ४० टक्के, गुणक १८. घोटा वळत नाही, बाइकचा गिअर पडत नाही, जिने चढवत नाहीत, म्हणून नुकसान ३० टक्के धरा. उत्तर १६ लाखांच्या वर. हे दोन्ही टक्के माझे अंदाजाचे आहेत, कोर्ट कमी-जास्त करेल. पण अठरा हजार मिळत होते हे सिद्धच करता आलं नाही आणि कोर्टाने बारा हजार धरले, तर तेच उत्तर अकरा लाखांच्या आत येतं. म्हणजे पगाराच्या स्लिपअभावी, बँक स्टेटमेंटअभावी पाच लाख उडाले. आणि स्टॅम्प पेपरवर? पंचवीस हजार.

पगारावरून माणसाच्या पायाची किंमत ठरवणं मला पटतं का? नाही पटत. माझ्या भावाच्या पायात दुसऱ्याच्या पायापेक्षा काही जास्त हाडं नव्हती. वेदनेच्या रकमेत सगळे सारखे धरावेत आणि ती रक्कम चांगली घसघशीत असावी असं माझं मत आहे. पण हे गणित निदान उघड आहे, कुणालाही करता येतं, एक्सेलमध्ये बसतं. ते त्या वॉर्डात कुणी करून बघितलं नाही, एवढंच माझं म्हणणं.

खुर्चीत बसून काम करणाऱ्यांनी निर्धास्त राहू नये. २०२० मध्ये एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. विशीतला डेटा एंट्री करणारा तरुण, उजवा हात गेलेला. वैद्यकीय अपंगत्व ८९ टक्के. उच्च न्यायालयाने कमाईचं नुकसान ४५ टक्के धरलं, सर्वोच्च न्यायालयाने ते ६५ केलं आणि जखमी माणसालाही पुढच्या वाढीची भर मिळाली पाहिजे हे पक्कं सांगितलं. कीबोर्डवर पोट असणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. आणखी एक आपल्या कामाची गोष्ट: कंपनीच्या मेडिक्लेमने बिल भरलं म्हणून तेवढी रक्कम दाव्यातून कापायची नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ठरवलंय. आमच्या एचआरला याचा पत्ता नव्हता. मलाही नव्हता, वकिलाने सांगितलं.

आता जरा कडू भाग. कायदा २०१९ मध्ये बदलला आणि या दाव्यांबाबतचे बदल १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. त्यात काही गोष्टी खरंच चांगल्या आहेत. चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळू शकतात. गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार. पण अडीच लाखांच्या चेकमागे एक बारीक ओळ आहे: विमा कंपनीकडून ती रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो. हॉस्पिटलच्या बिलाने घायकुतीला आलेल्या घरात कोण ती ओळ वाचणार? दुसरं म्हणजे सहा महिन्यांची मुदत. १९९४ पासून अशी मुदतच नव्हती, ती परत आणली. सहा महिन्यांत तर माणसाची काठीसुद्धा सुटत नाही! यावर सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत केवळ उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नका. पण अंतरिम ते अंतरिम. आम्ही भावाचा अर्ज पाचव्या महिन्यात टाकला, तोही धावतपळत.

धावतपळत का, तर कागद. एफआयआर अकराव्या दिवशी झाली, कारण चौकीत 'आधी पेशंट बरा होऊ द्या, मग बघू' असं सांगितलं होतं. (एफआयआरला उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय. पण विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.) पंचनामा, हॉस्पिटलची पोलिसांना दिलेली वर्दी, टेम्पोची विमा पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स, प्रत्येक कागदासाठी वेगळी चक्कर, वेगळा माणूस, वेगळा 'उद्या या'. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनमध्ये बग आलाय आणि लॉग कुणीच ठेवलेला नाही.

गंमत म्हणजे लॉग ठेवलेला आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा, ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा, आणि न्यायाधिकरणाने तो अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरायचा. म्हणजे जखमी माणसाने जाऊन अर्ज केला नाही तरी दावा उभा राहावा अशी रचना. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नीट राबवा म्हणून सगळ्या राज्यांना निर्देशही दिले. त्यासाठी ई-डार नावाचं सॉफ्टवेअर आहे. आणि याच नियमांत एक 'फॉर्म दोन' आहे. तपास अधिकाऱ्याने तो दहा दिवसांच्या आत जखमीला द्यायचा. त्यात काय असतं? त्याचे हक्क आणि पुढे काय काय होणार त्याची आकृती. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी चक्क चौकीत जाऊन तो फॉर्म मागितला. तिथल्या साहेबांनी अतिशय प्रामाणिक आश्चर्याने विचारलं, "असा कुठला फॉर्म असतो?" त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नाही, एका अधिकाऱ्याकडे किती फायली असतात ते मी पाहिलं. पण दहा दिवसांत यायचा कागद आलाच नाही आणि स्टॅम्प पेपर चौथ्या दिवशी आला. माझी सगळी तक्रार या दोन कागदांबद्दल आहे.

हॉस्पिटलात ॲडमिट होताना मेडिक्लेम आहे का हे तीन वेगवेगळ्या खिडक्यांवर विचारतात. अपघाताच्या पेशंटला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार देणारी केंद्राची योजना मे २०२५ मध्ये जाहीर झाली, तिच्याबद्दल एकाही खिडकीवर कुणी बोललं नाही. मी विचारलं तर 'आमच्याकडे अजून नाही' एवढंच उत्तर. कॅन्टीनमध्ये मात्र दोन एजंट भेटले. 'केस आमच्याकडे द्या, वीस टक्के, एक पैसा आधी नको.' वकिलाने निकालातल्या रकमेत वाटा ठरवून फी घेणं नियमाने चालत नाही, हे मला नंतर कळलं. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं, तेही नंतरच कळलं. फॉर्म दोन मराठीत छापून प्रत्येक अपघाती पेशंटच्या फाइलला टाचणीने लावला तर हॉस्पिटलांचं काय जाईल? एक पान आणि एक टाचणी. आणि ई-डारमध्ये नोंद झाली की जखमीच्या मोबाइलवर एक मराठी मेसेज जावा. पिझ्झा कुठवर आला हे आपल्याला चौकाचौकाला कळतं की.

आता त्या शहाळेवाल्याबद्दल. मी नंतर त्याला भेटलो. भांडायला नाही, समजून घ्यायला. त्याच्या गाडीचा विमा पूर्ण चालू होता. थर्ड पार्टी दावा झाला तरी नो क्लेम बोनसला धक्का लागत नाही, कारण तो बोनस स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर असतो. म्हणजे दावा झाला असता तर त्याचा एक रुपया गेला नसता, उलट साठ-सत्तर हजार त्याने स्वतःच्या खिशातून घातले. मग का? तर ऑनसाइटची फाइल चालू होती. एफआयआर झाली की व्हिसा अडकेल, पासपोर्टला त्रास होईल ही भीती. भीती अगदीच खोटी नाही. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत हा भारतीय न्याय संहितेत तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, जामीनपात्र असला तरी. मी त्याला गणित दाखवलं. बराच वेळ तो स्क्रीनकडे बघत राहिला. म्हणाला, "मला वाटलं मी जास्तच देतोय."

आपल्यापैकी बहुतेकांना तसंच वाटेल, मी स्वतःला धरून म्हणतोय. आपण रस्त्यावर जखमी होण्याची जितकी शक्यता, तितकीच कुणाला जखमी करण्याची. आपला पाय मोडला तर कंपनी, मेडिक्लेम, ओळखीचा वकील, सगळं येतं. आपल्या गाडीखाली ज्याचा पाय येतो त्याच्याकडे यातलं काही नसतं, असते ती फक्त आपण भरलेली पॉलिसी, आणि आपण तिच्यापर्यंत त्याला पोचू देत नाही.

(खड्ड्यांचं राहिलंच. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख देण्याचा आदेश दिलाय, आणि त्यासाठी महापालिका आयुक्त व विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांची समिती नेमायला सांगितलंय. त्यावर स्वतंत्र लेख लिहीन. पुण्यात राहून खड्ड्यांवर एकच परिच्छेद लिहिणं बरं दिसत नाही.)

त्या मुलाचा नंबर माझ्याकडे होता. डिसेंबरपासून मी फोन करत होतो, वडील उचलायचे. "आता कोर्टाच्या चकरा कोण मारणार साहेब? लेकराचा पाय राहिला, बास झालं." जानेवारीत सहा महिने उलटले. आता त्याचा दावा टिकला तर त्या अंतरिम आदेशाच्या आधारावर टिकणार. स्टॅम्प पेपरमुळे सगळं संपलं असं नाही, पण 'माझ्याच चुकीमुळे' हे त्याच्या सहीचं वाक्य पहिल्या तारखेलाच समोर येणार, असं आमचे वकील म्हणतात. सोसायटीच्या गेटवरचं सीसीटीव्ही केव्हाच पुसलं गेलंय. शहाळेवाला साक्ष द्यायला तयार आहे असं म्हणतोय. व्हिसा आलाय त्याचा, त्यामुळे किती दिवस इथे आहे देव जाणे.

गेल्या शनिवारी मुलगा स्वतः आला, बसने, काठी घेऊन. सोबत एका साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यात सगळे कागद. एक्स-रे होते, औषधांच्या पावत्या होत्या, पार्सलांच्या कमाईचे मोबाइलवरचे मेसेज त्याने पुसले नव्हते, सगळे, दिवसागणिक. आठवड्याला साडेचार-पाच हजार. डिस्चार्ज कार्ड मात्र नव्हतं, ते गावाकडच्या डॉक्टरने ठेवून घेतलं होतं म्हणे. दुसरी प्रत हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममधून मिळते. मी सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. खिडकी साडेदहाला उघडते.